पत्र्याखालचा उन्हाळा : घाटकोपरच्या पोटमाळ्यापासून गावच्या नव्या छपरापर्यंत

उन्हाळा तापायला लागला की सरकारी सूचना ठरलेली असते. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, घरात थांबा, पाणी पीत राहा. सूचना चुकीची नाही. पण घाटकोपरच्या असल्फ्यात, अंधेरीच्या साकीनाक्यात किंवा मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत जो माणूस पत्र्याच्या खोलीत राहतो, त्याने ती ऐकली तर त्याचा प्रश्न एकच असतो : घरात थांबू कसा? बाहेर झाडाखाली तरी वारा लागतो. घरात डोक्यावर हातभर अंतरावर तापलेला पत्रा असतो.

आपल्या तालुक्यांसाठी ही लांबची गोष्ट नाही. कोकणातल्या जवळपास प्रत्येक वाडीतला कोणी ना कोणी चाकरमानी उपनगरातल्या अशाच खोलीत राहतो किंवा राहून आलेला आहे. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा, कुणाची सून आणि नातवंडं. दुसरं असं की मुंबईतला हा पत्रा आता गावातही आला आहे. कौलं उतरतात, रंगीत पत्रे चढतात. त्यामुळे मुंबईच्या खोलीत काय चुकलं आणि त्यावर काय उपाय निघतायत, हे गावाने आत्ताच समजून घेतलेलं बरं.

आकडा सांताक्रूझचा, झोप पोटमाळ्यावरची

फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात सांताक्रूझच्या वेधशाळेत ३८.७ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या दिवसांत नेहमी असतं त्यापेक्षा हे जवळपास ६ अंशांनी जास्त. त्याआधी एप्रिल २०२४ च्या मध्यात तिथेच पारा ३९.७ वर गेला होता. मुंबईत असं होतं तेव्हा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून गरम वारे येत असतात आणि समुद्राचा वारा उशिरा सुटतो. हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे किनारपट्टीवर ३७ अंश किंवा जास्त तापमान आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांची वाढ असली, की उष्णतेची लाट धरली जाते.

पण हे तापमान मोजतात कुठे? पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत आणि खेळत्या हवेत. म्हणजे सांताक्रूझचा आकडा हा सावलीतल्या, हवेशीर पेटीचा आकडा आहे. पोटमाळ्यावर झोपणाऱ्या माणसाला ना ती सावली, ना ती हवा.

थोडं गणित करू. भर दुपारी आकाश मोकळं असलं तर एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट इतकं ऊन पडतं. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. म्हणजे त्या पत्र्यावर दुपारी ११ हजार वॅटचं ऊन असतं. दोन हजार वॅटचे पाच गीझर एकदम चालू केल्यासारखं. यातलं काही ऊन पत्रा परत फेकतो, काही वारा घेऊन जातो. पण गंजलेला, काळपट पत्रा मोठा भाग शोषून घेतो आणि ६० अंशांच्या पुढे सहज तापतो. मग तो खालच्या माणसांवर धग सोडत राहतो. शेकोटीजवळ बसल्यावर तोंड भाजतं तसंच हे, फक्त शेकोटी डोक्यावर.

मुंबईत यात एक खास अडचण आहे. झोपडपट्टीतल्या बांधकामाला साधारण १४ फूट उंचीची मर्यादा चालत आली आहे. १४ फुटांत खाली एक खोली आणि वर पोटमाळा काढला, की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सात फूट येतात. पत्रा उतरता असतो, म्हणून कडेला तर माणूस ताठ उभाही राहत नाही. या पोटमाळ्यावर कोण असतं? रात्रपाळी करून आलेला सिक्युरिटी गार्ड दिवसा तिथेच झोपतो. बाई तिथे शिलाईचं किंवा पॅकिंगचं काम करते. दहावीचं पोर तिथे अभ्यास करतं. घर सर्वांत तापतं त्याच वेळी घरातली माणसं सर्वांत वरच्या जागेत असतात.

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतले ४० टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहतात. म्हणजे हा प्रश्न काही थोड्या कुटुंबांचा नाही.

उन्हाचे बळी मोजताना घर सुटतं

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. लाखो लोक भर उन्हात मैदानात बसले होते. त्यानंतर राज्यात उन्हाची चर्चा झाली ती मैदानाची, मंडपाची, कार्यक्रमाच्या वेळेची. ती व्हायलाच हवी होती.

घरातला उकाडा मात्र असा एका दिवसात दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाला चार रात्री झोप लागत नाही, रक्तदाब वरखाली होतो, पाणी कमी पडतं, आणि एके दिवशी त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. कागदावर कारण लिहिलं जातं हृदयाचं किंवा किडनीचं. पत्रा कुठेच लिहिला जात नाही. शरीराला दिवसभराच्या उन्हातून सावरायला रात्रीचा गारवा लागतो. तो मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे हा त्रास आणखी वाढतो.

पंखा आहे ना, असं कुणी म्हणेल. पण पोटमाळ्यावरचा पंखा पत्र्याखालची गरम हवाच अंगावर ढकलतो. खोलीतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पंख्याने शरीर आणखी तापतं, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनाही देते.

फोमची जाहिरात काय सांगते, काय सांगत नाही

आता मोबाईलवर व्हिडिओ फिरतात. एक माणूस तोंडाला मास्क लावून पाइपमधून पत्र्याला खालून फेस मारतो, बघता बघता तो फुगतो आणि घट्ट होतो. ‘घर झालं एसीसारखं गार’, असं खाली लिहिलेलं असतं. हा पॉलियुरेथेन फोम. आपल्याला तो अनोळखी नाही. फ्रिजच्या दाराच्या आत जो पिवळसर कडक फेस असतो, तो हाच. आंब्याच्या आणि मासळीच्या कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत हाच असतो. त्याला बाजारात ‘पफ’ म्हणतात.

फोम उष्णता अडवतो, यात शंका नाही. त्याच्या बारीक बारीक बुडबुड्यांत वायू कोंडलेला असतो, त्यातून उष्णता फार हळू जाते. इंचभर थरानेही पत्र्याची धग बरीच कमी होते. पण कोल्ड स्टोरेज आणि माणसाचं घर यांत फरक आहे, आणि तो चार ठिकाणी नडतो.

पहिली गोष्ट आगीची. हा फोम पेट घेतो, आणि पेटला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. अमेरिकेत २००३ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका नाइट क्लबात भिंतीवर लावलेल्या अशाच प्रकारच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. म्हणून परदेशात घरात फोम मारला तर तो उघडा ठेवत नाहीत, त्यावर जिप्सम बोर्डासारखं आग अडवणारं आवरण घालावं लागतं. आपल्याकडे पोटमाळ्यावर काय असतं? लोंबकळणाऱ्या वायरी, एकाच बोर्डावर चार प्लगा, खाली गॅसची शेगडी आणि उतरायला एकच शिडी. तिथे उघडा फोम म्हणजे डोक्यावर ठेवलेलं सरपण.

दुसरी गोष्ट, मारताना होणारा त्रास. या फेसातल्या रसायनाने दमा होऊ शकतो, ज्यांना आधीच दमा आहे त्यांना जास्त धोका. काम झाल्यावर साधारण एक दिवस घर रिकामं ठेवायला सांगतात. चाळीत भिंतीला भिंत लागून असते. आपण घर रिकामं करू, पण शेजारच्या खोलीतल्या तान्ह्या पोराचं काय?

तिसरी गोष्ट पत्र्याची. आपल्याकडे पत्रा दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे गळतो. मे महिन्यात डांबरपट्टी, ताडपत्री, एखादा पत्रा बदलणं हे चालूच असतं. खालून फोम चिकटला की गळती नेमकी कुठून आहे ते कळत नाही, पत्रा आतल्या आत गंजत राहतो आणि बदलायचा झाला तर फोमसकट फेकावा लागतो. ब्रिटनमध्ये लाकडी छपरांना खालून फोम मारल्यावर ओल कोंडून वासे कुजण्याची भीती निर्माण झाली, आणि तिथल्या काही बँका अशा घरांवर कर्ज द्यायला आता तयार नसतात. तिथल्या थंडीसाठी केलेला उपाय तिथेच असा अंगावर आला.

चौथी गोष्ट रात्रीची. पत्रा दिवसा लवकर तापतो तसा सूर्य गेल्यावर लवकर निवतोही. पहाटे दोन-तीनला पत्र्याची खोली बरी वाटते ती त्यामुळे. फोमने दिवसाची धग थांबते, पण रात्री खोलीतली उष्णताही वरून निघायची थांबते. पाच माणसांच्या अंगाची ऊब, रात्रीचा स्वयंपाक, फ्रिज, टीव्ही, हे सगळं आतच राहतं. गरम हवा बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर दिवस सुसह्य होतो आणि रात्र घामाची.

अमेरिकेत हा फोम ज्या अ‍ॅटिकमध्ये मारतात, तो छपराखालचा रिकामा माळा असतो. तिथे सहसा जुनं सामान असतं, माणसं खालच्या मजल्यावर झोपतात आणि घरात एसी किंवा हीटर चालतो. आपल्या पोटमाळ्यावर माणसं राहतात. उपाय उचलताना हा फरक विसरून चालत नाही.

बोरिवलीच्या इमारतीने न कळत केलेला उपाय

बोरिवली, मुलुंड इथल्या जुन्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर नजर टाका. बऱ्याच इमारतींवर लोखंडी खांबांवर उभी मोठी पत्र्याची शेड दिसते. ती घातली जाते पावसाच्या गळतीसाठी. पण वरच्या मजल्यावरच्या माणसाला विचारा, शेड घातल्यापासून घर किती गार झालं ते. ऊन आधी शेडवर पडतं. शेड तापते, पण तिच्या आणि स्लॅबच्या मध्ये माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा आहे, चारी बाजूंनी वारा वाहतो. ती गरम हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. स्लॅबवर थेट ऊन पडतच नाही.

म्हणजे डोक्यावर दोन छपरं आणि मधून वारा. सगळं गुपित एवढंच आहे. असल्फ्याच्या डोंगरावरच्या खोलीला एकच छप्पर आहे, म्हणून ती भाजते.

असल्फ्याचं उदाहरण घ्यायचं कारण आहे. २०१७ च्या अखेरीस तिथल्या भिंती स्वयंसेवकांनी रंगीबेरंगी केल्या. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोतून ते रंग दिसायचे, फोटो देशभर गेले. चांगलंच झालं. पण तो रंग मुख्यतः भिंतींना लागला. त्याच कष्टात पत्र्यावर पांढरा रंग चढला असता, तर मेट्रोतून तो इतका सुंदर दिसला नसता, पण खालच्या माणसाला रात्री झोप लागली असती.

आपल्या जुन्या घराला हे माहीत होतं

आता गावाकडे बघू. जुन्या कौलारू घरात वर कौलं, मध्ये माळा. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना १८६० च्या दशकात मंगळूरला निघाला आणि तिथून ही कौलं कोकणभर पसरली. त्याआधी नळीची कौलं, गवताची छपरं होती. कौलं एकमेकांवर नुसती ठेवलेली असतात, त्यांच्या फटींतून हवा जाते. माळ्यावर सरपण, पेंढा, जुनी भांडी. ऊन कौलांवर अडतं, माळ्याच्या मोकळ्या जागेतून गरम हवा फटींतून निघून जाते, आणि माळ्याच्या फळ्या आणि पेंढा राहिलेली धग अडवतात. खाली ओटीवर माणूस गार. इथेही दोन छपरं आणि मधून वारा. दिवाळीनंतर खळ्यात झावळ्यांचा मांडव घालतो, तोही याच समजुतीने.

मग कौलं का गेली? लोकांना हौस म्हणून नाही. माकडं कौलं फोडतात. दरवर्षी शाकारणी करायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. घरात म्हातारी माणसं दोनच, बाकी मुंबईला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किती घरांची कौलं उडाली, ते आपण पाहिलंय. पत्रा घातला की ही कटकट संपते. हा निर्णय समजण्यासारखा आहे.

पण कौलं उतरवताना बहुतेक ठिकाणी माळाही जातो. घर मोकळं आणि उंच दिसावं म्हणून. आणि पत्र्याचा रंग निवडला जातो कौलासारखा दिसावा म्हणून, गडद तांबडा. म्हणजे एकाच वेळी दोन छपरांचं एक झालं, वारा जाण्याच्या फटी बंद झाल्या आणि रंग ऊन पिणारा आला. मे महिन्यात मुंबईहून आलेलं पोर म्हणतं, ‘गावालापण मुंबईसारखंच गरम होतंय.’ ते खरं बोलतं.

मग करायचं काय? क्रम महत्त्वाचा

ऊन अडवायची तीन ठिकाणं आहेत : पत्र्याच्या वर, पत्र्याच्या खालच्या पोकळीत, आणि सर्वांत शेवटी घराच्या आत. जितकं वर अडवाल तितकं स्वस्त आणि बिनधोक.

*आधी वरून.* पांढरं छप्पर ऊन परत फेकतं. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत तेराशेहून जास्त मृत्यू नेहमीपेक्षा अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतल्या सुमारे तीन हजार घरांच्या छपरांना पांढरा रंग दिला. अशा छपरांमुळे घरातलं तापमान २ ते ५ अंशांनी उतरू शकतं, असं या कामाचे जाणकार सांगतात. सिमेंटचा पत्रा आणि स्लॅब यावर चुना चांगला बसतो. लोखंडी पत्र्यावर चुना पोपडे धरून सुटतो, तिथे गंज घासून, प्रायमर मारून बाहेरच्या कामाचा पांढरा रंग किंवा ‘कूल रूफ’ म्हणून मिळणारा रंग लावावा. पाऊस संपल्यावर, फेब्रुवारीच्या आधी हे काम उरकलं तर पूर्ण उन्हाळा उपयोग होतो. धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून अधूनमधून झाडून घ्यायचं.

नवा पत्रा घेणार असाल तर आणखी सोपं. पांढरा किंवा फिकट रंगाचा घ्या. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

रंगाशिवाय दुसरा उपाय सावलीचा. रोपवाटिकेत वापरतात ती शेडनेट पत्र्यापासून फूटभर वर बांबूवर ताणली, तर ऊन आधी तिच्यावर पडतं. मात्र मे अखेरीस ती काढून ठेवायची. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा मोकळ्या बांधलेल्या वस्तूंचं काय होतं ते दिसलं. छपराला पेलत असेल तर सोलर पॅनेलही सावलीचं काम करतं. ओली गोणपाटं टाकणं हा जुना उपाय, पण दोन तास नळ येणाऱ्या वस्तीत आणि टँकरवर जगणाऱ्या वाडीत तो सांगण्यात अर्थ नाही.

*मग वाट.* गरम हवा वर जाते. तिला वरून बाहेर पडायला आणि खालून गार हवा आत यायला जागा हवी. गावच्या घरात आढ्याखालच्या दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळ्या ठेवा, समोरासमोर. बांधकामावेळी चार विटा कमी लागतात, एवढाच फरक. मुंबईच्या खोलीला तीन बाजूंनी शेजार असतो, तिथे वाट छपरातूनच काढावी लागते. कारखान्यांच्या शेडवर गोल फिरणारे व्हेंटिलेटर दिसतात, ते वाऱ्याने फिरतात, वीज लागत नाही. तो किंवा साधी पावसाची टोपी असलेली चिमणी बसवता येते. आतून बारीक जाळी हवीच, नाहीतर डास आणि उंदीर येतात. बाहेर गरम झळा असतील त्या दुपारी खिडक्या लावून घ्यायच्या, रात्री सगळं उघडायचं.

*शेवटी आतून.* पत्र्याखाली चार-सहा इंच जागा सोडून दुसरं छत घालायचं. बांबूची चटई, प्लायवुड, सिमेंट बोर्ड, जिप्सम बोर्ड यातलं परवडेल ते. मधल्या पोकळीची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवायची, तरच त्याचा उपयोग. ती बंद केली तर तिथे गरम हवा आणि उंदीर, दोन्ही साठतात. थर्माकोल स्वस्त पडतो म्हणून लोक लावतात, पण तो पेटतो आणि वितळून खाली ठिबकतो. चांदीसारख्या बबल शीटने धग कमी होते, मात्र तिची चकचकीत बाजू आणि पत्रा यांच्यामध्ये निदान इंचभर मोकळी जागा लागते. पत्र्याला चिकटवली तर पैसे वाया. तीही शेवटी प्लास्टिकच, वायरींपासून लांब ठेवा.

आणि फोम? ज्याला पक्की इमारत आहे, वायरिंग नीट आहे, वर आग अडवणारं आवरण घालायची तयारी आहे आणि हवेची वाट ठेवली आहे, त्याने विचार करावा. पोटमाळ्यावर झोपणाऱ्याने करू नये.

एक सूचना जीवाची. छपरावर चढताना सिमेंटच्या पत्र्यावर मध्ये पाय देऊ नका. तो वरून घट्ट दिसतो आणि एकदम फुटतो. खालच्या वाशाच्या रेषेवर फळी टाकून तिच्यावरूनच चाला. जुन्या सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो कोरडा घासू नका, भोकं पाडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. काम सकाळी लवकर करा.

खर्च कोणाचा, जबाबदारी कोणाची

इथे खरा पेच आहे. मुंबईतल्या खोलीत राहणारा भाडेकरू असतो, पत्रा मालकाचा. मालक म्हणतो, पुनर्विकासात सगळं तुटणारच आहे, आता कशाला खर्च? छप्पर थोडं उचलायचं म्हटलं तर उंचीवरून नोटिशीची भीती. जागेचे कागद पक्के नसले तर बँक कर्ज देत नाही. पुनर्विकास यायला दहा-पंधरा वर्षंही जातात, आणि तेवढे उन्हाळे त्याच पत्र्याखाली निघतात.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात वाढती उष्णता हा शहरापुढचा धोका म्हणून नोंदवला आहे. २०२४ पासून पालिका हवामानाचा वेगळा अर्थसंकल्पही मांडते. म्हणजे प्रश्न माहीत नाही, असं म्हणायला जागा नाही. आता विचारायचं ते असं : त्या पैशांतून पत्र्याच्या किती छपरांना पांढरा रंग लागला? वस्तीतल्या पोटमाळ्यावर एक तरी तापमापक लावला का? छपरावर सावली किंवा हवेची टोपी बसवणाऱ्याला उंचीच्या नियमातून फूटभर सूट मिळेल का? यातल्या कोणत्याही गोष्टीला उड्डाणपुलाएवढा खर्च नाही.

शेजारच्या तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये पाच वर्षांचं कूल रूफ धोरण आणलं. सरकारी इमारती, सरकारी घरकुलं, व्यापारी इमारती आणि ६०० चौरस यार्डांपुढच्या निवासी इमारतींना ते बंधनकारक केलं, लहान घरांना ऐच्छिक ठेवलं. २०२८ पर्यंत राज्यात ३०० चौरस किलोमीटर छपरं अशी करायचं उद्दिष्ट ठेवलं. अंमलबजावणी किती होते ते पुढे दिसेल, पण छप्पर हा सरकारी धोरणाचा विषय आहे एवढं तरी तिथे मान्य झालं.

गावात हा विषय घरकुलापासून सुरू होतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं. राज्य सरकारने २०२५ मध्ये यात ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. म्हणजे छपरासाठी वेगळे पैसे देता येतात, हे सरकारनेच दाखवून दिलंय. मग त्याच कागदात दोन ओळी आणखी का नसाव्यात : छपराचा वरचा रंग पांढरा, आणि आढ्याखाली दोन जाळ्या?

तोपर्यंत ग्रामपंचायतीला स्वतः करण्यासारखं बरंच आहे. अंगणवाडी आणि शाळेचं छप्पर आधी घ्या. तिथे तीस पोरं एका पत्र्याखाली बसतात. यंदा ग्रामसभेत हा विषय मांडा, पाऊस संपला की रंग द्या, आणि मार्चमध्ये रंग दिलेल्या वर्गात आणि न दिलेल्या वर्गात दुपारी दोनला साधा तापमापक टांगून रोजचे आकडे फळ्यावर लिहा. मास्तरांना आणि पोरांना पंधरा दिवसांत उत्तर मिळेल. ते आकडे घेऊन पंचायत समितीत गेलात, तर तुमचं बोलणं कुणाला टाळता येणार नाही.

आणि या मे महिन्यात मुंबईचा चाकरमानी गावी आला की त्याला दोन गोष्टी सांगा. खोलीच्या पत्र्याला फोम मारायच्या आधी मालकाशी पांढऱ्या रंगाचं बोल. आणि गावच्या घराची कौलं उतरवणार असशील तर खालचा माळा तरी ठेव.